माळावर उगवलेले वन

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी कऱ्हाड ओलांडून शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी स्थानके मागे टाकीत किर्लोस्करवाडीकडे निघाली की उजव्या हाताला कृष्णाकाठचा ऊस दिसतो आणि डाव्या हाताला डोंगरांची एक रांग दिसू लागते. मार्च-एप्रिलमध्ये या मुलुखातील डोंगर पाहणे हा फारसा सुखद अनुभव नसतो. खुरटे गवत, उघडे पडलेले खडक आणि मधूनच वणव्याने काळवंडलेले पट्टे. मात्र या रांगेतील एक डोंगर वेगळा उठून दिसतो. पानगळीच्या दिवसांतही त्याच्या अंगावर झाडांची दाट लव असते. हा सागरेश्वराचा डोंगर. वरच्या पठारावर हरणे आहेत, सांबरे आहेत, मोर आहेत. आणि पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी त्या ठिकाणी शेजारच्या डोंगरांसारखाच बोडका माळ होता, असे सांगितले तर नवख्या प्रवाशाला ते खरे वाटत नाही.

दुष्काळाने आणि वणव्याने उजाड झालेले रान पुन्हा उभे करता येते काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. ऑस्ट्रेलियात २०१९-२० साली लागलेल्या आगींची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या डोंगरांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाची जवळजवळ सर्व अंगे पाहिली आहेत. त्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास आधार आहे. सांगली हा स्वतंत्र जिल्हा अलीकडचा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यातच मोडत. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होते, जत हे वेगळे संस्थान होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. निसर्गाने तर या प्रदेशाची विभागणी उत्तर-दक्षिण केलेलीच नाही, ती पूर्व-पश्चिम केली आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथून पूर्वेस सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीच्या परिसरात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो, आणि तोही कित्येक वर्षी येत नाही. पश्चिमेकडे जावळी, पाटण, शिराळ्याचे सदाहरित रान. पूर्वेकडे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा कायमचा अवर्षणाचा पट्टा. पश्चिमेच्या रानाचा वैरी वणवा आणि पूर्वेच्या रानाचा वैरी दुष्काळ, अशी ढोबळ वाटणी करता येईल. प्रत्यक्षात हे दोघे वैरी एकमेकांच्या हातात हात घालूनच येतात.

पूर्वेचे डोंगर पूर्वापार बोडकेच होते काय? अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात वृक्षांविषयीची आज्ञा आहे. आरमारासाठी लाकूड हवे, पण आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेली असतात, ती तोडू नयेत, असा तिचा आशय आहे. लाकूड त्या काळीही विचारपूर्वक वापरण्याची वस्तू होती, हे यावरून दिसते. पुढे इंग्रजी अंमल आला. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ मुळात शल्यवैद्य, देवी टोचणारे डॉक्टर म्हणून दख्खनभर हिंडलेले, नंतर दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक झालेले. डोंगरावरील झाडी तुटली की पायथ्याचे झरे आटतात, हे त्यांनी सरकारला वारंवार कळवले. दुर्दैवाने त्यांच्या पाठोपाठ रेल्वे आली. रुळांखाली घालण्यास लाकूड हवे, इंजिनात जाळण्यासही लाकूड हवे. गिब्सन यांनी मांडलेला पाण्याचा हिशेब बाजूला पडला आणि लाकडाचा हिशेब पुढे आला.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ या पार्श्वभूमीवर कोसळला. याच दुष्काळात माणगंगेवरील म्हसवडच्या मोठ्या तलावाचे काम अन्नाला मोताद झालेल्या माणसांकडून करवून घेण्यात आले. आणि याच दुष्काळाच्या अखेरच्या वर्षी, १८७८ साली, नवा वनकायदा झाला. सरकारने डोंगर ‘राखीव’ केले. ज्यांची गुरे त्या डोंगरावर चरत होती, त्यांच्या हाती दुष्काळातून जेमतेम वाचलेली चार जनावरे होती आणि समोर जंगल खात्याची हद्द.

या स्थितीचे सर्वांत तिखट वर्णन ज्याने केले, त्याचे मूळ गाव याच दुष्काळी पट्ट्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. त्यात जंगल खात्याने गरिबाच्या शेळीलाही चरायला जागा ठेवली नाही, ही तक्रार आहेच. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाची अशी एक सूचना तेथे आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे व माती-खताचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते, तेव्हा सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल, असे जोतीराव सुचवतात. आज ज्यास पाणलोट क्षेत्रविकास म्हणतात, त्याचे सूत्र या सूचनेत आले आहे. ते अमलात येण्यास मात्र जवळजवळ एक शतक जावे लागले.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतही याच कायद्याने असंतोष माजला होता आणि त्याच्या चौकशीसाठी सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले, हे वसईकडील आमच्या वाचकांपैकी काहींनी वाचले असेल. साताऱ्याकडे तो असंतोष उशिरा, पण जोराने उफाळला. १९३० साली शिराळा भागातील बिळाशी येथे जंगल सत्याग्रह झाला. गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी राखीव जंगलात शिरून कायदा मोडला, पोलिसांनी त्यांच्यावर हत्यार चालवले. स्वातंत्र्यलढ्यातील एक तेजस्वी प्रसंग म्हणून आपण बिळाशीचे स्मरण करतो आणि ते योग्यच आहे. तथापि वनांच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता, त्या दिवशी आणखी एक गोष्ट उघड झाली होती. रान आपले नाही, सरकारचे आहे, अशी लोकांची खात्री होऊन चुकली होती. परक्याचे रान जळत असले तर विझवायला कोण धावणार? राजवट बदलली तरी ही भावना बदलायला फार वेळ लागला. काही गावांत ती अजूनही बदललेली नाही.

आता १९७२ कडे येऊ. आमच्या पिढीने पाहिलेला हा सर्वांत मोठा दुष्काळ. लागोपाठ पावसाने पाठ फिरवली होती. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत विहिरींचे तळ दिसू लागले. माणसांसाठी बाहेरून मिळेल ते धान्य आणता आले, गुरांसाठी चारा आणणे जमले नाही. डोंगरावर जे काही हिरवे उरले होते ते शेळ्या-मेंढ्यांनी आणि कुऱ्हाडींनी संपवले. यात दोष कोणाला द्यायचा? भुकेल्या जनावराचा धनी झाडाचे वय विचारीत बसत नाही. खडी फोडण्याच्या कामावर उन्हात बसलेल्या स्त्रिया हे त्या वर्षाचे चित्र आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच वर्षांत रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचे जनक वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे, अनेक वर्षे विधान परिषदेचे सभापती. काम मागणाऱ्यास काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ही कल्पना त्यांनी प्रथम तासगाव तालुक्यातच करून पाहिली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरांत नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ साली सुरू झाला, तो या योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वसईच्या किंवा गिरगावच्या कारकुनाच्या पगारातील काही रुपये तासगाव-आटपाडीच्या डोंगरावरील चरांत गेले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. या योजनेतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबांध झाले आणि उजाड टेकड्यांवर समतल चर खोदून रोपेही लावली गेली. जोतीरावांनी जे काम फौजेला सांगितले होते, ते अखेर दुष्काळी स्त्री-पुरुषांच्या हातांनी झाले.

सागरेश्वरच्या वनाचा जन्म याच काळातला. देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे, लहानमोठ्या मंदिरांचा समूह आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव; पुढे अभयारण्याला त्यांचेच नाव देण्यात आले. मंदिराच्या मागे चढत जाणारा डोंगर मात्र देवाचा असूनही उघडा पडला होता. शेजारच्या मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांनी हा डोंगर पुन्हा झाडांखाली आणण्याचा ध्यास घेतला. ते वनखात्याचे अधिकारी नव्हते, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही नव्हते. गावकऱ्यांना समजावणे, खात्याकडे पाठपुरावा करणे, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणे आणि पुन्हा डोंगरावर येऊन रोपांची चौकशी करणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. ‘वृक्षमित्र’ हे बिरुद त्यांच्या नावामागे लागले ते त्यामुळेच. १९८५ साली या डोंगरावरील १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. चितळ, सांबर, काळवीट हे प्राणी बाहेरून आणून तेथे सोडण्यात आले. मानवनिर्मित अभयारण्य अशी त्याची ख्याती झाली ती या दोन्ही अर्थांनी, वनही माणसाने उभे केलेले आणि वनचरही माणसाने आणलेले.

‘मानवनिर्मित’ हा शब्द आम्हास मात्र पूर्णपणे पटत नाही, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. दख्खनच्या कोरड्या डोंगरावर वरून काही दिसत नसले तरी मातीखाली बरेच काही जिवंत असते. धावडा, खैर, पळस, आपटा ही मोठी चिवट जात आहे. कुऱ्हाडीने तोडले, शेळीने ओरबाडले, वणव्याने जाळले तरी त्यांची खुंटे जमिनीत तग धरून राहतात. दर पावसाळ्यात त्यांना वीतभर फुटवा येतो. दिवाळीनंतर तो शेळ्यांच्या तोंडी जातो, आणि उरलासुरला फाल्गुनात जळतो. पन्नास वर्षांचे खुंट असावे आणि त्याची उंची गवताहून अधिक नसावी, असे हे विलक्षण रान असते. अशा डोंगरावर चार-पाच वर्षे चराई आणि आग यांना मज्जाव केला, की हे फुटवे गुडघ्याएवढे, मग कमरेएवढे, मग पुरुषभर उंच होतात. त्यांच्या सावलीत माती ओलसर राहते. पाखरे बोर, चंदन, कडुनिंबाच्या बिया टाकून जातात. लावलेल्या रोपांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. जेथे खुंटेही उरलेली नाहीत तेथे खड्डे घेऊन रोपेच लावावी लागतात, आणि सागरेश्वरवर ती मोठ्या संख्येने लावली गेली. परंतु डोंगर बंद झाला नसता तर तीही जगली नसती. मोहित्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुख्यत्वे केले ते हेच, की डोंगराला उसंत मिळवून दिली. निर्मिती हा शब्द मोठा आहे. आमचा जुना ‘राखण’ हा शब्द या कामाला अधिक शोभतो.

अर्थात राखणीचीही किंमत असते आणि ती सारखी वाटली जात नाही. डोंगर बंद झाला तेव्हा तेथे मेंढरे चारणाऱ्याला दुसरीकडे जावे लागले. हरणे वाढली तेव्हा ती कुंपणाच्या फटींतून उतरून पायथ्याच्या पिकांत शिरू लागली. कृष्णेचे पाणी उपसा योजनांनी वर चढले, कोरडवाहू रानात ऊस आणि द्राक्षे आली, आणि हिरव्या पिकाचे आमिष हरणांना आवरेना. ज्या शेतकऱ्याच्या पिकातून रात्री सांबर फिरून जाते, त्याला वनाचे कौतुक सांगणे अवघड आहे. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे हे सर्व त्याच्याच वाट्याला येते.

आता पश्चिमेकडे वळू. साताऱ्याहून कास, बामणोलीकडे किंवा पाटणहून कोयनेकडे जाताना माघ-फाल्गुनात डोंगरउतारांवर रात्री आगीच्या माळा दिसतात. दुरून त्या सुंदरही वाटतात. हे वणवे आकाशातून पडत नाहीत. मालकीच्या गवताळ रानाला जाणूनबुजून काडी लावली जाते, कारण जुने वाळलेले गवत जाळले की नवे गवत चांगले येते अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही, आणि म्हणूनच ती मोडणे कठीण जाते. जळलेल्या जागी पहिला कोंब लवकर दिसतो हे खरे. पण दरवर्षी जाळल्याने मारवेलसारखी सकस गवते मागे पडतात व कुसळाचे राठ गवत माजते. मध काढणाऱ्याची मशाल, शिकाऱ्याने लावलेली आग, वाटसरूने टाकलेली विडी, आणि खाली कृष्णाकाठी ऊस तुटल्यावर पेटवलेले पाचट, ही आणखी कारणे. दुष्काळी वर्षी गवत लवकर वाळते, पाने लवकर गळतात, आणि काम साधायला एक ठिणगी पुरते.

सदाहरित रानाचा स्वभाव पूर्वेकडील रानासारखा नसतो. अंजनी, जांभूळ, पिसा यांची साल पातळ असते; दाट सावलीच्या ओलाव्यात वाढलेल्या या झाडांना आगीची सवय नाही. रानाच्या काठावरून वणवा दरवर्षी चार पावले आत सरकतो. काठची झाडे मरतात, तेथे गवत येते, ते गवत पुढच्या वर्षी जळते आणि आग आणखी आत जाते. अशा रीतीने कोणाच्याही लक्षात न येता वीस-तीस वर्षांत एखादे रान माळ होऊन जाते. कारवीचा प्रकार आणखी निराळा. सात वर्षे वाढून आठव्या वर्षी ती डोंगरभर एकदम फुलते आणि मरते. मग पुढील उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या काड्यांचे रचून ठेवल्यासारखे सरण डोंगरावर उभे असते.

वणव्यानंतर काय करावे, याविषयी वनखात्यातील जुन्या माणसांकडून ऐकावे. पहिली गोष्ट, घाईने रोपे लावू नयेत. होरपळलेली झाडे मेली असे वाटते, पण पुष्कळांची मुळे जिवंत असतात. ज्यांचे बुंधे वरून मेले आहेत ते जमिनीलगत स्वच्छ कापले तर पावसाळ्यात जोमाने फुटवे येतात; त्यांतले एक-दोन ठेवून बाकीचे काढावेत. दुसरी गोष्ट माती. पाचोळा जळून गेलेल्या उतारावर मृगाचा पहिला पाऊस राखही नेतो आणि मातीही नेतो. म्हणून पावसाच्या आत उतारावर आडवे चर, दगडांचे बांध, निदान जळक्या फांद्यांच्या ओळी तरी घालाव्या लागतात. तिसरी गोष्ट, त्या डोंगरावर निदान तीन वर्षे गुरे सोडू नयेत. आणि चौथी, जी खरे तर पहिली, ती जाळरेषा. गवत पुरते वाळण्याआधीच रानाच्या कडेने एक पट्टा कापून, जाळून मोकळा करायचा, म्हणजे पुढे वणवा आलाच तर त्याला ओलांडायला गवताची काडी मिळू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा खात्याचा वणव्याचा हंगाम. हल्ली देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर येते. सूचना आली तरी डोंगर पायीच चढावा लागतो आणि आग निरगुडीच्या किंवा जांभळीच्या ओल्या डहाळीने झोडपूनच विझवावी लागते.

रान पुन्हा उभे करायचे तर बी कोठून आणायचे? येथे देवरायांचे मोल कळते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवराया पायी हिंडून पाहिल्या व त्यांच्यावर लिहिले, तेव्हा सुशिक्षितांना त्यांची ओळख झाली. श्रद्धेपोटी ज्या राईतील वाळकी काटकीही कोणी घरी नेत नसे, तेथे मूळ रानाचे वाण आजपर्यंत शिल्लक राहिले. शेजारचा डोंगर उघडा असला तरी त्या राईतून वारा, पाखरे आणि वटवाघळे बी बाहेर नेत असतात. जेथे राईच्या कडेने आग रोखली गेली, तेथे राई स्वतःहून पसरू लागते.

१९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली. चांदोलीला २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. या रानातून उठवलेल्या गावांची भातखाचरे आज गवताखाली आहेत आणि त्या गावांतील माणसे पुनर्वसित वसाहतींत. वन परत आले याचा आनंद मानताना ही माणसेही मोजली पाहिजेत. बंदीलाही मर्यादा असते, हे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठाराने शिकवले. तेथे फुलांच्या रक्षणासाठी जाळीचे कुंपण घातले गेले. गुरांची ये-जा थांबली, गवत माजले, आणि फुले कमी होऊ लागल्याची तक्रार आली. पुढे ते कुंपण काढावे लागले. रान कसे राखावे याचा एकच कायदा सर्व डोंगरांना लावता येत नाही.

वृक्षारोपणाच्या मोहिमांविषयी लिहायचे तर हात थोडा आखडतो. १ जुलै २०१६ रोजी राज्यात दोन कोटी रोपांची मोहीम झाली, नंतरच्या वर्षांची उद्दिष्टे चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी अशी चढत गेली. आम्हीही अशा एका मोहिमेत एका गावच्या टेकडीवर रोपे लावली होती. छायाचित्रेही काढून घेतली. तिसऱ्या वर्षी सहज त्या बाजूला गेलो, तर खड्डे होते, फलक होता, त्यावर रोपांची संख्याही नीट वाचता येत होती. रोपे मात्र बोटांवर मोजण्याएवढी. टेकडी दोनदा जळून गेली होती. त्या गावाला दोष देण्याचा अधिकार आम्हास नाही, कारण रोप लावून घरी परतलेल्यांत आम्हीही होतो.

याउलट जेथे गावाने आधी बंधने पत्करली तेथील अनुभव वेगळा आहे. फादर हर्मन बाकर या स्विस जेसुइटांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात पाणलोटाचे काम उभे केले आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांना गाव तयार असेल तरच काम सुरू करायचे, हा त्या कार्यक्रमाचा दंडक होता. पैसा नंतर, ठराव आधी. सातारा जिल्ह्यात २०१६ साली कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडीने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा त्या गावांच्या डोंगरांवर चरांच्या ओळी दूरवरून दिसत होत्या. स्पर्धा पाण्याची होती. पण ज्या उतारावर पाणी मुरते त्या उतारावर झाडही धरते, हे सांगायला नको.

गेल्या फाल्गुनात आम्ही सागरेश्वरच्या परिसरात गेलो होतो. ऊन तापले होते, धावड्याची पाने गळून गेली होती, वरून कृष्णेचे खोरे हिरवेगार दिसत होते. जाळरेषेवर एक वयस्क मजूर फावड्याने पालापाचोळा बाजूला ओढीत होते. “काका, यंदा किती झाडं लावली?” असे आम्ही शहरी सवयीने विचारले. ते थांबले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, “लावायचं काम पावसाळ्यात असतंय. आता राखायचं.” मग आमच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहून त्यांनी विचारले, “तुमच्यापैकी कुणी विडी-सिगारेट वढत न्हाई न्हवं?” कोणी ओढत नाही असे आम्ही सांगितले. तरीही आम्ही पट्टा ओलांडून वळणाआड जाईपर्यंत ते फावडे टेकवून आमच्याकडे पाहत उभे होते.